खुर्च्या किती मांडायच्या?

पहिला फोन बहुतेक वेळा ज्याचा प्रश्न असतो त्याचा नसतोच. आई मुलासाठी फोन करते, बायको नवऱ्यासाठी, डॅलसमधली मुलगी मलकपेटमधल्या वडिलांसाठी. एखादे सासरेबुवा "सुनेला जरा चार गोष्टी समजावून सांगा" म्हणूनही करतात. "मॅडम, त्याला पाठवून देते, तुम्ही बघा काय ते," हे वाक्य तर मला पाठच झालंय. वेळ देण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. त्याला हे ठाऊक आहे का? आणि गरज पडली तर तुम्ही स्वतः याल का? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत येतं. दुसऱ्यावर आवाज बदलतो, "मी? मला काय झालंय?"

हैदराबादेत समुपदेशक म्हणून काम करताना सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागतं ते यावरच. खोलीत खुर्च्या किती मांडायच्या? एकट्याशी बोलायचं, जोडीला बसवायचं, की अख्खं घर बोलवायचं? दारावरच्या पाटीवर 'वैयक्तिक, वैवाहिक, कौटुंबिक' असं ओळीने लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या त्रासाची जात ओळखून यातलं एक निवडायचं. प्रत्यक्षात नवरा-बायकोचं भांडण म्हणून आलेलं प्रकरण सासऱ्यांच्या जुन्या कर्जापाशी जाऊन थांबतं, आणि 'घरात कोणी मला समजून घेत नाही' म्हणत आलेल्या मुलीला हवा असतो तो फक्त तिचा तिचा एक तास. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला तूर्त बाहेर ठेवायचं, हे नीट ठरलं तर माझ्या मते निम्मं काम झालं.

इथे ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं जशीच्या तशी कुठे सापडणार नाहीत. अनेकांच्या हकिकती मोडून, मिसळून, गाव आणि नोकरी बदलून लिहिल्या आहेत.

नानकरामगुड्याकडच्या एका कंपनीतला मुलगा. मुलगा म्हणजे तिशीचा, मूळ लातूरकडचा, अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करणारा. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशाला कोरड आणि 'आता मी जातो' ही खात्री. अशा अवस्थेत मध्यरात्री मित्रांनी त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं व्यवस्थित निघालं. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून त्याला घरी पाठवलं. हे वाक्य ऐकून कोणाचं टेन्शन कमी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकचं एक चक्र मांडलं. ते मी त्याच्यासमोर कागदावर काढलं. जिना चढल्याने म्हणा, कॉफीने म्हणा, झोप न झाल्याने म्हणा, छाती जरा धडधडते. मन तिचा अर्थ लावतं, 'हार्ट अटॅक'. भीती वाटली की शरीर आणखी धडधडतं, आणि मन म्हणतं, बघ, मी म्हटलं नव्हतं? माणूस घाबरतो तो स्वतःच्याच शरीराला. कागदावर हे सगळ्यांना पटतं, त्यालाही पटलं. पण मान डोलावता डोलावता तो मनगटावरचं स्मार्टवॉच बघत होता. ठोके ब्याण्णव. बोलणं पुढे गेलं, पुन्हा मनगट. अठ्ठ्याऐंशी. तासभर हेच चाललं होतं.

पुढच्या भेटीत घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवायला लावलं. मग दोघंही जिन्याने खाली उतरलो आणि भरभर वर आलो. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. वॉचमन आमच्याकडे बघत राहिला. वर आल्यावर त्याची छाती भात्यासारखी चालली होती आणि हात सवयीने मोकळ्या मनगटाकडे जात होता. "आता काय होईल असं वाटतंय?" "पडेन." "मग थांबू या. पडतोस का बघू." बसून राहिलो. तो पडला नाही, धडधड आपसूक उतरली. ही काही माझी कल्पना नव्हे, पॅनिकवरच्या उपचारातली ही रुळलेली पद्धत आहे आणि हृदयाची तपासणी झालेली असल्याशिवाय ती वापरायची नसते. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपलं हृदय जोरात चालूनही आपण जिवंत आहोत हे घामेजल्या अंगाने कळणं वेगळं.

इथे प्रश्न आला खुर्चीचा. रोज रात्री कामावर जाताना आईचा फोन यायचा, "जेवलास का? छातीत दुखत नाही ना रे?" आई काळजीनेच विचारत होती, पण त्या प्रश्नासरशी तो पुन्हा छातीत काय चाललंय ते तपासायला लागायचा. आईला बोलावून समजावावं, असं मला वाटून गेलं. मी बोलावलं नाही. तिशीतल्या माणसाने आईशी काय बोलायचं ते मी ठरवलं असतं तर त्याच्या आयुष्यात काळजी करणारी आणखी एक बाई वाढली असती. त्याने काय बोलायचं ते आम्ही खोलीत दोन-तीन तऱ्हांनी बोलून पाहिलं. शेवटी तो आईला म्हणाला, "आई, जेवणाचं विचार, छातीचं विचारू नकोस." आई रुसली. चार दिवसांनी तिने भाजी कुठली केलीस असं विचारलं.

आपल्याकडे एकट्या माणसाशी काम करतानाची अडचण निराळी असते. कार्ल रॉजर्सच्या परंपरेत शिकलेल्या समुपदेशकाने सल्ला द्यायचा नसतो. समोरच्याचं नीट ऐकायचं, त्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यायचं. इकडे समोरचा सांगतो, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण मी काय करू ते तुम्हीच सांगा." मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-चेला नात्याकडे उपचाराचा एक नमुना म्हणून पाहिलं. भारतीय माणूस उपचारकाकडे बरोबरीच्या नात्याने येत नाही, वडीलधाऱ्याकडे यावं तसा येतो, हे त्यांनी हेरलं होतं. मला ते पटतं, पण अर्धंच. सुरुवातीला मी बिनदिक्कत सांगते. रात्री दोन कॉफ्या कमी कर, अमुक तपासणी करून घे, सायकियाट्रिस्टला दाखव, गोळ्या मी देऊ शकत नाही. नोकरी सोडू का, लग्न मोडू का, इथपर्यंत गाडी आली की मात्र मी गप्प बसते. गुरूने तिथेही बोलायचं असतं, म्हणून मी गुरू होत नाही.

जोडप्यांकडे वळते, कारण तिथे बसण्याची मांडणीच बदलावी लागते. दोघं येतात आणि माझ्याकडे तोंड करून बसतात. मग दोघांची कैफियत सुरू होते. तो तिच्याविरुद्ध, ती त्याच्याविरुद्ध, आणि निकाल द्यायचा मी. म्हणून दोन खुर्च्या एकमेकींसमोर ठेवते आणि माझी बाजूला ओढते. कित्येकांना ते अवघड जातं. घरात समोरासमोर बसून बोलायची सवयच गेलेली असते. एकजण टीव्हीकडे, एकजण फोनकडे.

ती पुण्याची, तो विजयवाड्याकडचा. माधापूरच्या ऑफिसात ओळख झाली, लग्न दोन्ही पद्धतींनी लागलं, घर कोंडापूरला. सासूबाई दर वर्षी तीन-चार महिने येऊन राहायच्या. ती त्यांना अत्तगारू म्हणायची आणि त्यांच्या हाताखाली गोंगुऱ्याची चटणीही शिकली होती. तेव्हा तक्रार सासूची नव्हती. गावच्या घराचा स्लॅब टाकायला त्याने दोन लाख पाठवले ते तिला सांगितलं नाही. जोड खातं होतं, तिच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. त्यानंतरचं प्रत्येक भांडण स्लॅबपासून सुरू व्हायचं आणि लग्नात तिचे वडील काय बोलले इथे संपायचं.

मी एक साधा नियम घातला. एकाने दोन वाक्यं बोलायची, दुसऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, पहिल्याने 'हो, हेच' म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. ती बोलली. त्याने परत सांगितलं, "मी खोटारडा आहे असं ती म्हणतेय." "मी असं म्हटलंच नाही." पुन्हा. "मी माझ्या आई-वडिलांना पैसे द्यायचे नाहीत असं ती म्हणतेय." "नाही!" आता तो वैतागला. खुर्ची थोडी मागे सरकवून त्याने तिच्याकडे बघितलं, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "पैशाचं नाही. मेसेज वाचून कळलं, ते." ती म्हणाली, "हो." एवढ्यासाठी पाऊण तास गेला होता. त्या पाऊण तासाची फी घेताना मला कधी संकोच वाटत नाही.

जॉन गॉटमन यांनी सिएटलमध्ये वर्षानुवर्षं जोडप्यांच्या संभाषणांचं चित्रण करून त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, कारण ते स्वभावातल्या किंवा गरजांमधल्या फरकातून आलेले असतात. हा आकडा मी जोडप्यांना सांगते तेव्हा काही जण हिरमुसतात, बरेचसे सुटकेचा श्वास टाकतात. तो पैसे पाठवणारच आहे. तिला ते आधी कळायला हवंच आहे. यावर दर वर्षी एकदा वाद होईल, होऊ दे. माझं लक्ष असतं ते वाद कसा घातला जातो याकडे. नवरा बोलत असताना बायकोने डोळे फिरवले, किंवा बायको रडत असताना नवरा कुत्सित हसला, तर मी वहीत खूण करते. रागाला मी फारशी भीत नाही. तुच्छतेला भिते.

दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला एकदा वेगळं भेटते आणि तेव्हाच सांगून टाकते. इथे एकट्याने सांगितलेली गोष्ट दोघांच्या कामात आडवी येणार असेल तर ती मी पोटात ठेवून बसणार नाही. तुम्हाला ती सांगायला वेळ देईन, मदत करीन. नाही सांगितली तर दोघांचं काम थांबवीन. याला एकच अपवाद, मारहाणीचा. वेगळं भेटण्याचं मुख्य कारणच ते असतं. "घरी कधी हात उगारला जातो का? त्यांची भीती वाटते का?" असं सरळ विचारते. उत्तर 'हो' असेल तर समोरासमोरच्या खुर्च्या विसरायच्या. इथे ती जे खरं बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. मग बोलणं २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याविषयी, माहेरच्या आधाराविषयी, २०१६ पासून हैदराबाद पोलिसांनी चालवलेल्या 'भरोसा' केंद्राविषयी होतं. नवऱ्याला मी फक्त एवढंच सांगते की एकत्र भेटी सध्या योग्य नाहीत.

काही जोडपी कोर्टाच्या वाटेवरून वळून येतात. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट योग्य प्रकरणात शिथिल करता येईल असं सांगितलं, तरी बरेच जण तो काळ घेतात. त्यातला एक खरोखर आशेने येतो आणि दुसरा 'आम्ही समुपदेशनही केलं' असं म्हणता यावं म्हणून. मला दोघंही चालतात. मोडायचंच असेल तर मुलाची शाळा, आजी-आजोबांच्या भेटी, रविवार कोणाचा, हे रडारड न होता ठरवणं हेही कामच आहे आणि ते मन लावून करण्यासारखं आहे. आणखी एक खास हैदराबादी प्रकार सांगते. चिलकूरच्या बालाजीला व्हिसासाठी अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि व्हिसा मिळाला की एकशेआठ. त्या एकशेआठ घालून एकजण गेलेला असतो, दुसरा इथे असतो, आणि दोघांना जमेल अशी वेळ म्हणजे माझी सकाळची सहाची. पडद्यावर समोरासमोर बसवणं मला अजून नीट जमलेलं नाही असं वाटतं, पण नसण्यापेक्षा बरं.

आता अख्ख्या घराविषयी. पाश्चात्त्य देशांत बराच काळ रुग्णाला घरच्यांपासून दूर ठेवूनच उपचार होत. आपल्याकडे १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णांबरोबर आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही १९५७ मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य केंद्रात कुटुंबासह राहण्याची सोय केली. तिकडे मरे बोवेन, साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंब-उपचाराचे सिद्धांत मांडले ते मोलाचे आहेत, मी रोज वापरते. पण घरच्यांना आत घ्यायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. अडचण उलटी आहे. घरचे इतके आत असतात की ज्याच्यासाठी आले त्याला बोलायला जागा राहत नाही.

काचीगुड्याच्या बाजूचं एक जुनं मराठी घर. मुलगा सतरा वर्षांचा, इंटरच्या पहिल्या वर्षाला म्हणजे अकरावीला, एमपीसी म्हणजे गणित-भौतिक-रसायन, कॉलेज निवासी. दर रविवारी संध्याकाळी परत जायच्या वेळी पोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली होती. फोन आईने केला होता, "मुलगा अभ्यासात मागे पडलाय, त्याला मोटिव्हेट करा."

आधी मी त्याला एकट्याला भेटले. २०१९च्या एप्रिलमध्ये इंटरच्या निकालांत घोळ झाला आणि या राज्यात अनेक मुलांनी जीव दिला. त्याआधीही मी विचारत होते, तेव्हापासून एकाही मुलाला विचारायचं सोडत नाही, "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात भरतं असं पालकांना वाटतं, ते खरं नाही. बहुतेक मुलांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. हा म्हणाला, येतं, पण करणार नाही. त्यावर आम्ही बरंच बोललो. आईला काय सांगायचं, काय सांगावंच लागेल, रात्री वाईट वाटलं तर कोणाला उठवायचं. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर त्याने फोनमध्ये भरून घेतला. हे सगळं पक्कं झाल्यावर सगळ्यांना बोलावलं. आई, वडील, आजोबा, आजी आणि तो. पाच खुर्च्या, एक शेजारच्या दवाखान्यातून मागून आणली.

मी मोठा कागद घेऊन वंशवृक्ष काढायला बसते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्यांचं पटत नाही त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ. वडील म्हणाले, "याचा याच्या पोटदुखीशी काय संबंध?" मी म्हटलं, नसेलही, काढून तर बघू. आजोबांना मात्र ते आवडलं. त्यांचे वडील परभणी जिल्ह्यातले. राजधानी हैदराबाद, म्हणून कामाला इकडे आले. आजोबा निजामाच्या काळात केशवराव कोरटकरांसारख्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या विवेकवर्धिनी शाळेत शिकले. मग १ नोव्हेंबर १९५६ आला, हैदराबाद राज्याची तीन तुकड्यांत वाटणी झाली. थोरले भाऊ महसूल खात्यात होते, त्यांना मुंबई राज्यात घेतलं, ते औरंगाबादला गेले. आजोबा शाळकरी, ते आईबरोबर इथेच राहिले. गावची जमीन थोरल्यांच्या नावावर चढली.

इथे मी नागमोडी रेघ काढली. आजोबा म्हणाले, "हौ, काढा. आता कायकू लपवायचं." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या सातबाऱ्यावर मार्कलिस्टच. दुसरं काही राहिलं नाही." ते हसत म्हणाले, पण वडील हसले नाहीत. वडिलांना एमसेटमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, हवी ती रँक मिळाली नव्हती, ते बँकेत लागले. हे मुलाला माहीतच नव्हतं. त्याची समजूत अशी होती की बाबांना बँकच आवडायची.

एवढा वेळ आजी गप्प होती. ती एकदम मुलाकडे वळून म्हणाली, "तुला काय शिकायचंय रे? तुला कोणी विचारलं का?" आई म्हणाली, "विचारलं की आम्ही." मुलगा म्हणाला, "कधी?"

बोवेनच्या भाषेत सांगायचं तर दोन माणसांमधला ताण तिसऱ्याला ओढून घेतला की जरा हलका होतो. इथे आजोबा आणि वडील यांच्यामधली कधीच न बोललेली गोष्ट मुलाच्या पोटात जाऊन बसली होती, असं मी समजले. त्यांना मी हे सांगितलं नाही. 'तुमच्यामुळे त्याला दुखतंय' एवढंच ऐकू गेलं असतं आणि पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. मी वडिलांना एकच काम दिलं. आठवड्यातून एकदा मुलाला घेऊन बाहेर चहा प्यायचा, अभ्यास हा विषय सोडून. वडील म्हणाले, "मग बोलायचं काय?" तो प्रश्न खरा होता, म्हणून पुढची भेट फक्त त्या दोघांची ठेवली. आईला हे आवडलं नाही. तिने फोन केला होता, आणि तिलाच वगळलं. तिला वेगळं भेटले तेव्हा कळलं की तीन वर्षांत तिने स्वतःसाठी एक सिनेमाही पाहिला नव्हता. मग तिची खुर्ची वेगळी, तिचा तास वेगळा.

पुढच्या जूनमध्ये मुलाने एमपीसी सोडून एमईसी (गणित-अर्थशास्त्र-वाणिज्य) घेतलं, म्हणजे एक वर्ष मागे आला, आणि घरून जाऊन-येऊन करायला लागला. रविवारची पोटदुखी थांबली, बुधवारी कधीकधी येते. वडील-मुलगा नारायणगुड्याला इराणी चहा प्यायला जातात, क्रिकेटवर बोलतात, बरेचदा भांडतात. आजोबांनी औरंगाबादच्या पुतण्याला फोन केला. जमिनीचा दावा मात्र चालूच आहे आणि त्यात मी पडत नाही. वकिलाची फी माझ्यापेक्षा बरीच जास्त आहे, हे आजोबांनी मला दोनदा ऐकवलंय.